आयरिश धर्मसंघांच्या दप्तरात एक माणूस शोधताना

टायटॅनिकच्या डेकवर भोवरा फिरवणारा मुलगा, जहाजावरची व्यायामशाळा, बिनतारी संदेशाच्या खोलीचा तो एकमेव, एकावर एक दोनदा उमटलेला फोटो. हे फोटो ‘फादर फ्रँक ब्राउन यांनी काढले’ असं सगळीकडे छापलेलं असतं. फोटो त्यांचेच आहेत, पण एप्रिल १९१२ मध्ये ते फादर नव्हते. डब्लिनच्या मिलटाउन पार्कमध्ये ईश्वरविद्या शिकणारे बत्तीस वर्षांचे विद्यार्थी होते. ईस्टर नुकताच झाला होता आणि बिशप असलेल्या काकांनी जहाजाचं तिकीट काढून दिलं होतं. साउथॅम्प्टनहून निघून फ्रान्समधल्या शेरबुर्गमार्गे ते आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरापर्यंत गेले आणि तिथे ११ एप्रिलला उतरले. सहप्रवासी असलेल्या एका अमेरिकन जोडप्याने न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च देऊ केला होता. वरिष्ठांकडे तारेने परवानगी मागितली, तेव्हा ‘त्या जहाजावरून उतर’ असं उत्तर आलं. पाद्री होण्याची गुरुदीक्षा झाली ती १९१५ मध्ये.

हे कळायला मोठं संशोधन लागत नाही. ब्राउन ज्या कॅथलिक धर्मसंघाचे होते त्या जेझुइट संघाच्या दप्तरात एकेका माणसाची जी चरित्रटीप असते, तिच्यातल्या चार-पाच तारखा नीट वाचल्या की पुरे. पण त्या वाचायच्या कशा, हे कोणी सांगत नाही. आयर्लंडमधल्या धर्मसंघांच्या दप्तरांत पत्रं, चरित्रटिपा आणि फोटो असा तिहेरी साठा असतो. त्यात एखाद्या माणसाचा माग कसा काढायचा, ते इथे क्रमाने सांगतो. नाशिक किंवा वसईत बसूनही यातलं निम्म्याहून जास्त काम होतं.

एक प्रश्न पहिल्यापासून हाताशी ठेवा: हा कागद कोणाच्या डोळ्यांसाठी केला होता? चरित्रटीप संघाच्या आतल्या लोकांसाठी असते, पत्र एका माणसासाठी, फोटो बहुतेकदा भिंतीसाठी किंवा मासिकासाठी. एकच माणूस या तिन्हींत वेगवेगळा दिसतो, आणि त्यात खोटं कोणीच बोलत नसतं.

सरकारी दप्तर सोडून इथे का यायचं

जून १९२२ च्या अखेरीस, यादवी युद्ध सुरू होताच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स आवारातलं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद त्यात जळाले. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणना सरकारी हुकमानेच आधी नष्ट झालेल्या होत्या. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश माणसाबद्दल सरकारकडे फार थोडं उरलं. मठ, कॉन्व्हेंट आणि संघांची मुख्यालयं मात्र आपापले कागद आपल्याच कपाटांत ठेवत होती. ते वाचले. पेशवे दप्तर वाचलं नसतं तर मराठी इतिहासकारांनी काय केलं असतं याची कल्पना करा, म्हणजे या कपाटांची किंमत कळेल.

पहिलं काम: संघ ओळखणे

‘आयरिश मिशनरी’ एवढ्या माहितीवर काही सापडत नाही. आयर्लंडमध्ये सगळ्या संघांचं मिळून एक दप्तर नाही, प्रत्येकाचं वेगळं आहे. म्हणून नावापुढची अक्षरं बघा. एस.जे. म्हणजे जेझुइट, आपल्याकडे ज्यांना येशूसंघी म्हणतात ते. ओ.एफ.एम. कॅप. म्हणजे कॅप्युचिन. आय.बी.व्ही.एम. असेल तर लोरेटो सिस्टर्स, पी.बी.व्ही.एम. असेल तर प्रेझेंटेशन सिस्टर्स, आर.एस.एम. असेल तर मर्सी सिस्टर्स. अक्षरंच नसतील तर तो बहुधा धर्मप्रांताचा पाद्री. त्याचे कागद संघाकडे नसून बिशपच्या कार्यालयाकडे असतात. या एका गोंधळात लोकांचे महिने जातात.

दुसरी अडचण नावाची. जेझुइट आपलं मूळ नाव बदलत नाहीत. कॅप्युचिन बदलत असत. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात, देहदंड झालेल्या नेत्यांजवळ शेवटच्या तासांत जे कॅप्युचिन होते, त्यांतले फादर अल्बर्ट म्हणजे जन्मनावाने थॉमस बिबी. जन्मनोंदीत अल्बर्ट शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही आणि संघाच्या दप्तरात थॉमस शोधलात तरी नाही. सिस्टरांच्या बाबतीत हे आणखी अवघड. एकाच संघात ‘सिस्टर मेरी झेवियर’ दहा असू शकतात. तिथे नावाबरोबर कॉन्व्हेंटचं गाव आणि निदान दशक हाताशी हवं.

त्यातून आयरिश आडनावांचे खेळ. ओ’कॉनर एका कागदावर नुसता कॉनर होतो, मॅकचा एमसी होतो, आणि गेलिक पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे आयरिश भाषा-संस्कृती पुन्हा रुजवण्याच्या चळवळीच्या काळात बर्न आडनावाचा माणूस अचानक ‘ओ ब्रोइन’ अशी सही करू लागतो. संघाची वार्षिक यादी लॅटिनमध्ये असेल तर विल्यम तिथे गुलिएल्मुस असतो आणि जेम्स असतो याकोबुस. याकोबुस म्हणजे जेकब असं समजून एका जेम्सला मी दोन दिवस वगळत होतो.

घरबसल्या करायची तयारी

दप्तराला पत्र लिहिण्याआधी फुकट मिळतं ते सगळं गोळा करा. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९०१ आणि १९११ च्या जनगणना संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत, मूळ फॉर्मच्या चित्रासकट. मठात किंवा कॉलेजात राहणाऱ्यांची नावं त्या इमारतीच्या फॉर्मवर सापडतात. वय, जन्माचा परगणा, शिक्षण, आयरिश भाषा येते की नाही, एवढं एका ओळीत मिळतं. जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी १८६४ पासून सर्वांसाठी सुरू झाल्या. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंच्याहत्तर आणि मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे ऑनलाइन बघता येतात. त्याआधीचे बाप्तिस्मे हवेत तर नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशची पुस्तकं ऑनलाइन आणली. साधारण १८८० पर्यंतची पानं तिथे आहेत. अक्षर मात्र लॅटिनमधलं आणि मेणबत्तीच्या उजेडात लिहिल्यासारखं.

या नोंदींतून आईवडिलांची नावं आणि गाव मिळालं, की संघाच्या टिपेतला माणूस आणि तुमचा माणूस एकच आहे हे ताडून बघता येतं. हे न करता पुढे जाऊ नका.

सूची वाचणे

आता दप्तराची ऑनलाइन सूची. आयरिश जेझुइट आर्काइव्ह्जच्या सूचीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि नवखा माणूस त्या एकच समजतो. एक असते व्यक्तीची नोंद: जन्म, प्रवेश, दीक्षा, मृत्यू, कुठे कुठे काम केलं. दुसरी असते कागदांची नोंद: या संचात इतकी पत्रं, अमुक ते तमुक सालची, इतके फोटो. व्यक्तीची नोंद मिळाली म्हणजे तिचे कागद असतीलच असं नाही. उलट, कागद असतात पण ते दुसऱ्याच्या नावाच्या संचात.

म्हणून शोधचौकटीत नाव टाकून थांबू नका. सूची झाडासारखी रचलेली असते. वर संपूर्ण संग्रह, मग त्याचे विभाग, मग फाइल, आणि शेवटी सुटा कागद. पुण्यात पेशवे दप्तरात काम केलेल्यांना हे नवं नाही. रुमाल कुठल्या दप्तराचा ते कळल्याशिवाय आतल्या कागदाला अर्थ येत नाही. एखादं पत्र सापडलं की एक पायरी वर चढा आणि आजूबाजूच्या फाइली बघा. युद्धातल्या पाद्र्याचं पत्र त्याच्या स्वतःच्या नावाखाली नसून ‘प्रोव्हिन्शियलचा (संघाच्या प्रांतप्रमुखाचा) पत्रव्यवहार’ या फाइलीत सापडेल, कारण पत्र ज्याला आलं त्याच्याकडे राहतं.

हा मुद्दा थोडा रेंगाळून सांगतो, कारण इथेच शोध वाकडा जातो. माणसाने लिहिलेली पत्रं त्याच्याकडे नसतात, त्याला आलेली असतात. कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स जेझुइट होता. १८८४ मध्ये डब्लिनला शिकवायला आला आणि १८८९ मध्ये विषमज्वराने तिथेच गेला, ग्लासनेविनच्या कबरस्तानात जेझुइटांच्या सामाईक जागेत पुरला गेला. त्याची पत्रं आज वाचता येतात ती मुख्यतः त्याच्या मित्राने, रॉबर्ट ब्रिजेसने, जपून ठेवली म्हणून. ब्रिजेसने स्वतःची बाजू मात्र नष्ट केली. तेव्हा डब्लिनच्या माणसाची पत्रं मित्राच्या कागदांबरोबर ऑक्सफर्डमध्ये असतात. तुमच्या माणसाने कोणाकोणाला लिहिलं असेल त्यांची यादी करा: आई, भाऊ, वरिष्ठ, शाळेतला जुना विद्यार्थी, मासिकाचा संपादक. त्या प्रत्येकाचं दप्तर वेगळं असणार.

चरित्रटीप उलगडणे

जेझुइटाचं आयुष्य ठरावीक टप्प्यांतून जातं. टप्पे माहीत असले की नुसत्या तारखांतून माणूस उभा राहतो. आधी दोन वर्षांचं नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारी. मग पहिली व्रतं. त्यानंतर भाषा-साहित्याचा आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास. मग काही वर्षं शाळेत शिकवणं, ज्याला ते ‘रीजन्सी’ म्हणतात. मग ईश्वरविद्या, गुरुदीक्षा, त्यानंतर ‘टर्शनशिप’ नावाचं आणखी एक साधनेचं वर्ष आणि शेवटी अंतिम व्रतं. हे सगळं व्हायला पंधराएक वर्षं सहज लागतात.

ठिकाणांची नावंही बोलतात. टुलाबेग म्हटलं की ऑफली परगण्यातलं, १९३० पर्यंतचं उमेदवारीचं घर. मिलटाउन पार्क म्हणजे ईश्वरविद्या. क्लाँगोज वुड आणि बेल्व्हडिअर म्हणजे शाळा. क्लाँगोज १८१४ मध्ये सुरू झाली, ज्या वर्षी पोपने जेझुइट संघावरची १७७३ ची बंदी उठवली त्याच वर्षी. मंग्रेट कॉलेज लिमरिकजवळ, १८८२ ते १९७४. इमो कोर्ट हे १९३० ते १९६९ उमेदवारांचं घर. टीपेत ‘इमो, १९३१’ असं दिसलं आणि माणूस विशीतला असेल, तर तो तिथे शिकायला आलेला उमेदवार. पन्नाशीतला असेल तर तिथे राहणारा पाद्री.

फादर विली डॉइल घ्या. जन्म १८७३, डब्लिनजवळ डॉकी. टुलाबेगला प्रवेश १८९१, गुरुदीक्षा १९०७, सैन्यात धर्मगुरू म्हणून नोव्हेंबर १९१५, मृत्यू १६ ऑगस्ट १९१७, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत. प्रेत सापडलं नाही. नाव तिथल्या टाइन कॉट या लष्करी कबरस्तानाच्या स्मारकभिंतीवर आहे. प्रवेश आणि दीक्षा यांत सोळा वर्षं आहेत, ते वर सांगितलेल्या टप्प्यांमुळे. अंतर नेहमीपेक्षा फार मोठं दिसलं, तर आजारपण किंवा खंड पडला होता का, हे शोधायचं. टीपेतली न सांगितलेली गोष्ट अशी आकड्यांतच दिसते.

डॉइल शेवटी आठव्या रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सबरोबर होते. या पलटणीचं एक मूळ आपल्या मुंबईत आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या गोऱ्या पलटणीतून निघालेली १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स आणि मद्रासची १०२ वी यांना १८८१ मध्ये एकत्र करून ती उभी केली होती.

टीपेखाली मृत्युलेख जोडलेला असेल तर तो सावकाश वाचा. हे लेख संघाच्या आतल्या अंकात, ओळखीच्यांसाठी लिहिलेले असतात. ‘शिस्तीचे भोक्ते’ म्हणजे मुलं टरकून असत. ‘प्रकृतीने साथ दिली नाही’ याचे पाच अर्थ होऊ शकतात. ‘थोडे एकांतप्रिय’ वाचलं की मी त्या दशकातल्या वार्षिक याद्या काढतो आणि दर वर्षी घर बदललं का ते बघतो. वार्षिक यादीत कोण कुठल्या घरात, कुठल्या कामावर, एवढंच कोरडं लिहिलेलं असतं. मृत्युलेखापेक्षा माझा तिच्यावर विश्वास जास्त.

दप्तराला लिहिणे

बहुतेक दप्तरांत एक किंवा दोन माणसं काम करतात. तिथे न सांगता जाऊन चालत नाही, आधी वेळ ठरवावी लागते. ईमेल लिहिताना आपल्या घराण्याची कथा सांगू नका. चार गोष्टी पुरेत: माणसाचं पूर्ण नाव आणि पर्यायी नावं, अंदाजे सालं, सूचीत सापडलेले क्रमांक, आणि तुम्हाला नेमकं काय हवं ते. ‘यांच्याबद्दल सगळी माहिती पाठवा’ या ईमेलला उत्तर उशिरा येतं आणि तेही दोन ओळींचं. ‘या क्रमांकाच्या फाइलीत १९१६ च्या उन्हाळ्यातली पत्रं आहेत का, स्कॅन मिळेल का, शुल्क किती’ असं विचारलं की काम होतं. आयर्लंड आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, म्हणजे फोन करायचा तर दुपारनंतर.

पत्ता जुन्या पुस्तकातून घेऊ नका. कॉन्व्हेंट बंद पडत आहेत, इमारती विकल्या जात आहेत आणि तिथले कागद संघाच्या मध्यवर्ती दप्तराकडे जात आहेत. प्रेझेंटेशन सिस्टर्सचे कागद हवे असतील तर सुरुवात कॉर्कच्या नॅनो नेगल प्लेसपासून करा. तो संघ नॅनो नेगल यांनी १७७५ मध्ये तिथेच सुरू केला.

वाचनालयातली बैठक

प्रत्यक्ष जायचा योग आला तर पेन बाहेर ठेवा, पेन्सिल न्या. हात धुऊन, कोरडे करून कागदाला लावा. कागदासाठी हातमोजे नकोत, त्यांनी कागद फाटतो. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे लागतात. फाइलीतला क्रम बदलू नका. तो क्रम हाही पुरावाच असतो, कुठलं पत्र कुठल्या पत्राला उत्तर होतं ते त्यावरून कळतं.

मोबाइलने फोटो काढायची परवानगी असली तर आधी एका चिठ्ठीवर फाइल क्रमांक लिहून तिचा फोटो घ्या, मग कागदांचे. मी एकदा हे न करता साठ पानं टिपली. घरी आल्यावर ‘प्रिय फादर’ने सुरू होणारी साठ पानं आणि कुठलं कुठल्या फाइलीतलं याचा पत्ता नाही. परत जावं लागलं. पत्राच्या मागच्या बाजूचा आणि पाकिटाचाही फोटो घ्या. पोस्टाचा शिक्का तारखेचा वाद मिटवतो.

पत्रं

माथ्यावर ए.एम.डी.जी. ही अक्षरं दिसली तर गोंधळू नका. ‘ईश्वराच्या अधिक गौरवासाठी’ या लॅटिन वाक्याचा तो संक्षेप, आपल्या ॥श्री॥ सारखा. पी.सी. म्हणजे ख्रिस्ताची शांती. शेवटची ‘आपला प्रेमळ’ वगैरे सही ही ‘कळावे, लोभ असावा’च्या जातीची. तिच्यातून भावना काढायला जाऊ नये. तारखेत ‘४ इन्स्ट.’ असेल तर चालू महिन्याची ४, ‘अल्ट.’ असेल तर गेल्या महिन्याची, ‘प्रॉक्स.’ असेल तर येत्या महिन्याची. काही पत्रांवर तारीख नसतेच, एखाद्या संताचा सण लिहिलेला असतो. त्यासाठी त्या काळातलं कॅथलिक पंचांग जवळ ठेवा. टपाल महाग असताना लोक पान भरलं की ते आडवं धरून त्याच ओळींवर पुन्हा लिहीत. अशा पत्राची प्रत मोठी करून घ्या आणि एका दिशेच्या ओळींवर पट्टी धरून वाचा.

नक्कल करताना चुका सुधारू नका. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज ठोकू नका.

आणि आता तो पहिला प्रश्न: कागद कोणाच्या डोळ्यांसाठी? जेझुइटांचा पत्रव्यवहार कसा असावा याचा नियमच संस्थापकाने घालून दिला होता. १० डिसेंबर १५४२ ला इग्नेशियस लोयोलाने आपला सहकारी पीटर फेबर याला लिहिलं की मुख्य पत्र असं लिहा, जे कोणालाही दाखवता येईल. बाकीच्या खासगी गोष्टी वेगळ्या चिठ्ठीवर घाला. मुख्य पत्र दोनदा लिहून सुधारायलाही त्याने सांगितलं. दाखवायचं पत्र आणि आतली चिठ्ठी हा भेद पुढे शतकानुशतकं टिकला. आपल्या ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्सनी गोव्याहून १० नोव्हेंबर १५७९ ला इंग्लंडमधल्या वडिलांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात समुद्रप्रवासाचं वर्णन आहे, कारण वडिलांना ते हवं होतं. डॉइलही आघाडीवरून वडिलांना लिहीत. म्हाताऱ्या बापाला लिहिताना माणूस काय गाळतो आणि काय हसत सांगतो, हे लक्षात ठेवून ती पत्रं वाचायची, शिवाय युद्धपत्रांवर सेन्सॉर असे. वरिष्ठांना लिहिलेलं त्याच आठवड्याचं पत्र मिळालं तर दोन्ही शेजारी ठेवा. यासारखा आनंद दप्तरात दुसरा नाही.

भारतातून गेलेली पत्रं शोधत असाल तर जुनी स्पेलिंगं वापरा: पूना, किर्की, टाना, अहमदनग्गर. लोरेटो सिस्टर्स १८४१ च्या अखेरीस कलकत्त्याला पोहोचल्या, प्रेझेंटेशन सिस्टर्स १८४२ मध्ये मद्रासला. मुंबई सरकारच्या अखत्यारीतल्या काठेवाडात, राजकोटला, १८४१ मध्ये आले ते मात्र कॅथलिक नव्हते, आयरिश प्रेस्बिटेरियन होते. त्यांचा माग डब्लिनला नाही, बेलफास्टला प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडे काढायचा.

फोटो

आधी उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावं, कधी छापखान्यासाठीच्या खुणा असतात. पेन्सिलीतलं अक्षर फोटोच्या काळातलं की नंतर कोणी आठवून लिहिलेलं, ते ठरवा. पन्नास वर्षांनी लिहिलेल्या नावांत चुका असतात. गटफोटोत नावं ‘डावीकडून’ असतील तर बघणाऱ्याच्या डावीकडून की बसलेल्यांच्या, हे निदान एका ओळखीच्या चेहऱ्यावरून तपासा. मग तोच गट त्या वर्षीच्या यादीशी ताडा. यादीतला माणूस फोटोत नसेल तर बहुधा कॅमेरा त्याच्याच हातात आहे. विनोद वाटेल, पण ब्राउन यांच्या बाबतीत हे सारखं होतं.

ब्राउन १९६० मध्ये वारले. १९८५ मध्ये फादर एडी ओ’डॉनेल या जेझुइटाला त्यांची ट्रंक सापडली. आत सुमारे ४२,००० निगेटिव्ह होत्या. पंचवीस वर्षं कोणी उघडली नव्हती. जुनी नायट्रेट फिल्म आपोआप सडते आणि चटकन पेट घेते, म्हणून अशा फिल्मच्या सुरक्षित प्रती काढाव्या लागतात. तुमच्या घरात १९५० पूर्वीच्या निगेटिव्ह असतील, पिवळ्या पडलेल्या आणि चिकट झालेल्या, तर त्या उन्हात वाळवू नका आणि स्कॅनरवर तर मुळीच ठेवू नका. आधी जाणकाराला दाखवा.

बंद कपाटं

सगळं बघायला मिळत नाही. हयात माणसांबद्दलचे कागद युरोपच्या २०१८ च्या डेटा-संरक्षण नियमांखाली येतात, त्यामुळे अलीकडच्या फाइली बंद असतात. हुज्जत घालू नका, बंदी केव्हा उठेल एवढं विचारा.

पण एक वेगळी गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. याच संघांपैकी काहींनी औद्योगिक शाळा (गरीब, निराधार मुलांना ठेवायच्या निवासी शाळा), अनाथालयं आणि मॅग्डलेन धुलाईघरं (जिथे बायकांना ठेवून कपडे धुण्याच्या कामाला लावत) चालवली. तिथे मुलांचा आणि बायकांचा जो छळ झाला तो २००९ च्या रायन अहवालात आणि धुलाईघरांबद्दल २०१३ च्या मॅकअ‍ॅलीझ अहवालात नोंदलेला आहे. सिस्टरची किंवा ब्रदरची चरित्रटीप वाचताना ‘अमुक शाळेत बारा वर्षं सेवा’ असं दिसलं, तर त्या शाळेचं नाव या अहवालांत आहे का ते बघणं हा संशोधनाचाच भाग आहे. संघाच्या आतल्या लोकांसाठी लिहिलेल्या मृत्युलेखात तिथल्या मुलाचा आवाज असणार नाही. आणि तुम्ही शोधत असलेली व्यक्ती सिस्टर नसून तिथे ठेवलेलं मूल किंवा दत्तक गेलेलं बाळ असेल, तर संघाच्या दप्तरावर विसंबू नका. २०२२ च्या जन्ममाहिती कायद्याने आपल्या जन्माची माहिती मिळवण्याचा हक्क दिला आहे आणि त्यासाठी टुस्ला (आयर्लंडची सरकारी बाल-कुटुंब संस्था) आणि आयर्लंडचं दत्तक प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करायचा असतो.

छापण्याआधी

दप्तरातून स्कॅन मिळाला म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. आयरिश कायद्याचा सर्वसाधारण नियम लेखकाच्या किंवा छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. पत्राचा हक्क ज्याच्याकडे कागद आहे त्याचा नसतो, लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. डॉइल यांच्या पत्रांची मुदत केव्हाच संपली. ब्राउन यांचे फोटो १९१२ चे असले तरी मोजणी १९६० पासून, म्हणजे २०३० च्या अखेरीपर्यंत. ब्लॉगवर टाकायचा असला तरी लेखी परवानगी घ्या आणि दप्तराने सांगितलेला नामोल्लेख जसाच्या तसा द्या: दप्तराचं नाव, संग्रह, फाइल क्रमांक, कागदाची तारीख.

काम झालं की नक्कल केलेल्या पत्रांची एक प्रत आणि ओळख पटलेल्या चेहऱ्यांची यादी दप्तराला ईमेलने पाठवा, फाइल क्रमांकासकट. सूचीत ‘अज्ञात व्यक्ती, भारत’ असं लिहिलेल्या फोटोत मागे दिसणारी इमारत किंवा पाटीवरचं देवनागरी तुम्हाला वाचता येतं, तिथल्या माणसाला नाही. पाटी काय म्हणते ते कळवा. अंदाज असेल तर ‘अंदाज’ असंच लिहा.